नकाराची मुदत

हळबे साहेबांचा कल शहाऐंशी निघाला. पल्लवी घोलपने आपला फोन माझ्या टेबलावर ठेवला, आकडा मला सरळ वाचता येईल असा फिरवला आणि ओढणी सावरून समोर बसली.

“मॅडम, शंभरातल्या शहाऐंशी जणांना ह्ये साहेब आत टाकत्यात. ह्यांच्यापुढं आमच्या माणसाला उभं करायचं व्हय? आजच नकार टाका.”

मी फोन पालथा घातला. इतकी वर्षं फौजदारी वकिली केल्यावर मला दोन गोष्टींचा तिटकारा आलाय. एक, कोर्टाच्या आवारातल्या टपरीवर फुकट मिळणारा कायद्याचा सल्ला, आणि दुसरी, हा कलदर्शक. टपरीवाल्याला निदान आपण चूक असू शकतो एवढं तरी ठाऊक असतं.

कलदर्शक म्हणजे काय हे आता शाळेतली पोरंही सांगतात, पण अर्धवट सांगतात. कोर्टातली प्रत्येक सुनावणी चित्रित व्हायला लागली, सगळे निकाल संगणकावर आले, आणि त्यावरून या यंत्राने प्रत्येक न्यायाधीशाची एक नक्कल तयार केली. साहेब कुठल्या साक्षीदाराला किती वेळ देतात, कुठल्या वाक्याला पेन उचलतात, सरकारी वकिलाला कितीदा अडवतात आणि शेवटी निकाल काय देतात, या सगळ्यांतून बनलेली नक्कल. तुमचं दोषारोपपत्र तिच्यात घातलं की ती तेच प्रकरण पुन्हा पुन्हा चालवून बघते. दर वेळी साक्षीदार जरा फिरवते, वकील जरा बदलते, आणि शंभरात किती वेळा शिक्षा झाली ते सांगते. तो आकडा म्हणजे कल. निकाल जितका जुना तितकं त्याचं वजन कमी, कारण माणूस बदलतो असं यंत्र बनवणाऱ्यांनी गृहीत धरलंय. यंत्राला कायदा कळत नाही, माणूस कळतो, असा त्यांचा दावा आहे.

आकडे सगळ्यांनाच दिसायला लागल्यावर ओरड सुरू झाली, आणि सरकारने कायद्यात नकाराचा हक्क आणला. फौजदारी खटला एखाद्या न्यायाधीशाकडे नेमून दिला की आरोपीला एकदा आणि सरकार पक्षाला एकदा ‘हे साहेब नकोत’ म्हणता येतं. कारण द्यावं लागत नाही. मुदत मात्र सात दिवसांची. आणि त्याआधी तुम्ही त्या साहेबांकडून त्याच खटल्यात कुठलाही आदेश मागून घेतलात, किंवा समोरच्याने मागितलेल्या आदेशाला संमती दिलीत, तर हक्क तिथेच संपला. हे दुसरं कलम शहाण्या माणसाने घातलेलं आहे. नाहीतर लोक आधी एखादा बारीक अर्ज टाकून साहेबांचा अंदाज घेतील आणि निकाल मनासारखा आला नाही की नकार देतील.

पल्लवीचा नवरा अंकुश वीज उपकेंद्रावर लाइनमन होता. त्याचा सोबती विक्रम लोंढे खांबावर चढलेला असताना कुणीतरी वीजप्रवाह सुरू केला आणि विक्रम जागीच गेला. यंत्राच्या नोंदीत प्रवाह सुरू करणाऱ्याचा संकेतांक अंकुशचा होता. त्याआधी आठवडाभर दोघांचं पाळीवरून चारचौघांत भांडण झालं होतं. पोलिसांनी दोन्ही गोष्टी जोडून खुनाचं कलम लावलं. पाहणारा कुणी नव्हता.

अंकुशचं म्हणणं साधं होतं. पाळीवरचे चौघेही त्याचाच संकेतांक वापरायचे. तो सगळ्यात जुना, त्याच्या नावावर परवानगी पटकन मिळायची, इतरांची तासभर अडकायची. हे साहेबलोकांनाही ठाऊक होतं. आता मात्र तिघेही म्हणत होते की आम्ही आपापलाच वापरतो. मग प्रवाह कुणी सुरू केला, असं मी त्याला तुरुंगात पहिल्याच भेटीत विचारलं होतं. तो म्हणाला, मी बघितलं नाही, मग कुणाचं नाव घेऊ. खोटं बोलणाऱ्याने तिघांपैकी एकाचं नाव ठोकून दिलं असतं. तेव्हापासून माझा त्याच्यावर विश्वास बसला होता.

मी पल्लवीकडे दोन दिवस मागितले. ती उठली, पण जाता जाता दारात थांबून म्हणाली की बाररूममध्ये लोक बोलतात, थोरातबाई हळबे साहेबांच्या भक्त आहेत. तुमच्या भक्तीपायी माझा संसार जायला नको. ती एवढं स्पष्ट बोलली याचा मला राग आला नाही. लोक बोलत होते ते खरंच होतं.

मिलिंद हळबे यांना मी दहा वर्षं पाहत आले होते. सायकल चोरणाऱ्या पोराचाही कागद न् कागद वाचणारा माणूस. पुराव्यात भोक दिसलं की त्यात बोट घालून ते किती मोठं आहे हे बघितल्याशिवाय राहायचे नाहीत. त्यांच्यापुढे खटला लागला की आम्ही बचावाचे वकील एकमेकांना चहा पाजायचो. आणि त्यांचाच कल शहाऐंशी? एकदा वाटलं, यंत्र बिघडलं. मग वाटलं, माणूसही बिघडतो. तीन वर्षांत माझ्याकडचा एकही खुनाचा खटला त्यांच्यापुढे चाललेला नव्हता. मला काय ठाऊक?

रविवारी मी त्यांचे गेल्या तीन वर्षांतले खुनाचे सगळे निकाल उघडून बसले. दुपारपर्यंत माझं तोंड कडू झालं. जवळजवळ सगळीकडे शिक्षा. पण वाचताना एकाही शिक्षेला नाव ठेवता येईना. कुठे भर बाजारात वार केलेले, कुठे कॅमेऱ्यात सगळं दिसतंय, कुठे आरोपी स्वतः कोयता घेऊन ठाण्यात आलेला. मी असते तरी शिक्षाच दिली असती. मग चहा करताना माझ्या डोक्यात आलं की ज्यात कुणी पाहिलेलं नाही, सगळं परिस्थितीवरून ठरवायचं, असा एकही खटला यांत नाही. जिल्ह्यात असे खटले तर ढिगाने होतात. हळबे साहेबांच्या वाट्याचे गेले कुठे?

नकार दिल्याची नोंद कुणालाही पाहता येते, फक्त पाहायला कुणी जात नाही. मी गेले. असे बरेच खटले आधी हळबे साहेबांना नेमून दिलेले होते, आणि प्रत्येकात सरकार पक्षाने नकार दिला होता. तोही नेहमी मुदतीच्या शेवटच्या दिवशी, कचेरी बंद व्हायच्या सुमारास. तीन वर्षांपूर्वी साहेबांचा कल निर्दोष सोडण्याकडे होता, तेव्हा मुंबईच्या वरच्या कचेरीतून परिपत्रक निघालं असणार की प्रत्यक्षदर्शी नसलेला खटला यांच्यापुढे चालू द्यायचा नाही. सरकारी परिपत्रक एकदा निघालं की ते मागे घ्यायचं असतं हे कुणाच्या लक्षात राहत नाही. मंजुरी मुंबईहून यायची म्हणून शेवटचा दिवस उजाडायचा.

एखाद्या मास्तरांना तीन वर्षं फक्त नापासांची तुकडी द्यावी आणि मग म्हणावं की यांचा निकाल फार वाईट, यांच्या वर्गात पोर घालू नका, तसं झालं होतं. कलदर्शकाला साहेब दिसतच नव्हते. साहेबांपुढे जे खटले राहू दिले गेले तेवढेच दिसत होते. जे काढून नेले त्यांत त्यांनी काय केलं असतं, हे शिकायला यंत्राकडे काही नव्हतंच. आणि नसलेल्याची त्याला कल्पना करता येत नव्हती.

म्हणजे अंकुशसाठी हळबे साहेबच हवे होते. आणि म्हणजे सरकार त्यांना नकार देणार, हे नक्की होतं. त्यांच्यानंतर खटला बर्गे साहेबांकडे जाणार. बर्गे साहेबांचा कल एकसष्ट, पल्लवीच्या फोनवर हिरव्या रंगात. पण मी त्यांच्यापुढे वीस खटले चालवलेत. माणूस भला आहे, साक्षीदाराला दटावतो, पोलिसांना झापतो, पण यंत्राची नोंद समोर आली की हात जोडतो. घड्याळ, फोन, फाटकाचा कॅमेरा यांनी सांगितलेलं त्यांनी कधी खोटं मानलेलं नाही. अंकुशच्या खटल्यात तर नोंदीशिवाय दुसरं काहीच नव्हतं. बर्गे साहेबांपुढे तो जन्मठेपेला गेलाच म्हणून समजा. आपला नकार त्यांच्यावर खर्च करावा, तर उरलेले तिसरे साहेब नोंदीपलीकडे काही बघतच नाहीत.

शेवटचा दिवस शुक्रवार होता.

सोमवारी मी तुरुंगात गेले. अंकुश आठवड्यात वाळला होता. त्याला साखरेचा त्रास, तिथला भात आणि पातळ डाळ त्याला सोसत नव्हती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. घरच्या डब्याची परवानगी काढा म्हणून तो आल्यापासून मागे लागला होता. हा अर्ज आमच्याकडे रोजचाच. वकील दोन ओळी लिहितो, सरकारी वकील त्याखाली ‘हरकत नाही’ असं लिहून सही करतो, साहेब मंजूर करतात. आमच्या कोर्टात डब्याला कुणी आडवं गेल्याचं मला आठवत नाही. भाकरीला कोण नाही म्हणणार?

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. डब्याचा अर्ज मी मुदतीच्या आत दिला, सरकारी वकील गुरवांनी त्यावर सही केली आणि हळबे साहेबांनी आदेश दिला, तर सरकारचा नकार संपेल. पण आपलाही संपेल. मग साहेब खरोखरच बदललेले निघाले तर परतीची वाट नाही. मी आकड्याचं गणित मांडलंय, माणसाची हमी मी देऊ शकत नाही.

त्याने जाळीवर बोट घासलं. “मॅडम, एका यंत्रानं मला खुनी ठरवलं. आता दुसऱ्या यंत्राला इचारून साहेब निवडायचा? तुमी त्यांना बघितलंय न्हवं? मग बास.”

पल्लवीला सांगू का, असं मी विचारलं. तो म्हणाला, तिला मी सांगतो. त्याने सांगितलं, आणि ती मला फोनवर एवढंच म्हणाली की त्याचं काही वाईट झालं तर मी तुमच्या दारात येऊन बसेन.

आता राहिले हणमंतराव गुरव. हा सरकारी वकील माझ्यासोबतच सनद घेतलेला. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा माझ्या तीन तारखा त्याने न मागता पुढे ढकलून घेतल्या होत्या. कोर्टात आम्ही एकमेकांचे कान उपटतो आणि बाहेर एकाच किटलीतला चहा पितो. त्याला खरं सांगितलं असतं तर त्याचं कर्तव्य त्याला सही करू देणार नव्हतं. सांगितलं नाही तर मी त्याच्या चांगुलपणावर डाव टाकणार होते. मी मंगळवारभर स्वतःला समजावलं की मी खोटं काहीच बोलत नाहीये, अंकुशला डबा खरोखरच हवाय, नियम त्यालाही ठाऊक आहे. हे सगळं खरं होतं, आणि तरीही मला त्याच्यासमोर जायचं नव्हतं.

बुधवारी हळबे साहेबांच्या कोर्टाबाहेर तो मला पाच-सहा प्रकरणांचे गठ्ठे काखेत मारून भेटला. मी अर्ज पुढे केला. त्याने नाव वाचलं. घोलप म्हणजे तो वीजवाला ना, त्याने विचारलं. मी हो म्हटलं. साखर किती आहे, त्याने विचारलं. मी आकडा सांगितला. त्याने च्च केलं, गठ्ठा गुडघ्यावर टेकवला, खिशातून पेन काढलं आणि माझ्याच पाठीचा आधार घेऊन सही केली. वर म्हणाला की माझ्या मेहुण्याला साखरेपायी पायाचं बोट गमवावं लागलं, उद्यापासूनच डबा सुरू करा.

आत साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “थोरातबाई, खटला गेल्याच आठवड्यात माझ्याकडे नेमून आलाय. मुदत अजून चालू आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे ना?”

मी हो साहेब म्हटलं. गुरव पुढच्या प्रकरणाच्या गठ्ठ्यात डोकं घालून साक्षीदार आलाय का ते बघत होता. मान वर न करताच तो म्हणाला, “डब्याचंच आहे साहेब. आमचं काही म्हणणं नाही.”

साहेबांनी एक क्षण वाट पाहिली. मग मंजूर लिहिलं.

शुक्रवारी कचेरी बंद होता होता सरकारचा नकार दाखल झाला. शनिवारी तो प्रमुख जिल्हा न्यायाधीशांपुढे आला. गुरव तावातावाने बोलला. डबा म्हणजे आदेश नव्हे, ती माणुसकी आहे, तिचा खटल्याशी संबंध काय, असं म्हणाला. मी म्हटलं की कायद्यात ‘कुठलाही आदेश’ असं आहे, आणि साहेबांनी मुदतीबद्दल स्पष्ट विचारलेलं कॅमेऱ्यात आहे. चित्रण लावलं गेलं. पडद्यावर गुरवचं खाली घातलेलं डोकं दिसलं, त्याचं वाक्य ऐकू आलं. खऱ्या गुरवने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. नकार फेटाळला गेला आणि अंकुशचा खटला हळबे साहेबांकडेच राहिला. त्यानंतर खटला संपेपर्यंत गुरवने माझ्यासोबत चहा घेतला नाही.

खटला उभा राहिला, आणि दुसऱ्याच तारखेला माझी पाचावर धारण बसली.

हे ते हळबे साहेब नव्हते. पाळीवरचा पहिला सोबती साक्षीला आला, मी त्याला संकेतांकाबद्दल खोदायला लागले, तर साहेबांनी मला थांबवलं. म्हणाले, नोंद स्पष्ट आहे, पुढे चला. अंकुशला घाम येत होता तर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की घाम हाच पुरावा. दुसऱ्या सोबत्याच्या उलटतपासणीत मी म्हटलं की साहेब, माझा अशील निर्दोष आहे, मला थोडा वेळ द्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“थोरातबाई, माझ्यापुढे उभा राहणारा प्रत्येकजण हेच म्हणतो. तीन वर्षं ऐकतोय. त्यातला एकही निर्दोष निघाला नाही.”

मागच्या बाकावर पल्लवी बसली होती. मला वळून तिच्याकडे बघवेना. माझं गणित बरोबर होतं, यंत्राचा आकडा खोट्या पायावर उभा होता. पण तीन वर्षं फक्त गुन्हेगार पाहिलेल्या माणसाचं काय होतं, हे मी गणितात धरलंच नव्हतं. तो आकडा बनला तेव्हा खोटा होता, आणि आता साहेबांच्या डोळ्यांदेखत, माझ्याही डोळ्यांदेखत, खरा होत चालला होता. आणि दार मी माझ्या हाताने लावून घेतलं होतं. तुरुंगात अंकुशला भेटले तर तो म्हणाला, डबा मिळतोय, साखर उतरलीय, तुम्ही काळजी करू नका. मला तिथेच रडू आलं.

शेवटच्या युक्तिवादाच्या दिवशी मी लिहून आणलेला युक्तिवाद बाजूला ठेवला. जे बोलणार होते त्यासाठी माझी सनद जाऊ शकत होती.

“साहेब, तुम्ही म्हणालात की तीन वर्षांत तुमच्यापुढे एकही निर्दोष माणूस आला नाही. ते बरोबर आहे. तो तुमच्यापर्यंत येऊ दिलेला नाही.”

मी नकारांची नोंद पुढे केली. जिथे शंका घ्यायला जागा आहे असा प्रत्येक खटला तुमच्याकडून काढून नेला गेला, मी सांगत होते. पक्के गुन्हेगार तेवढे ठेवले. त्यावरून यंत्राने तुमची नक्कल बनवली, आणि मला भीती वाटते की आता तुम्ही त्या नकलेची नक्कल करताय. हे बोलून मी खाली बसले.

साहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता अवमानाची नोटीस. पण त्यांनी नोंद ओढून घेतली आणि वाचली, सावकाश, पूर्वी वाचायचे तशी, खटल्याच्या प्रत्येक नावावर पेन्सिल टेकवत. मग गुरवकडे वळले. असं काही परिपत्रक आहे का, त्यांनी विचारलं. गुरव उभा राहिला आणि म्हणाला की त्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही.

“काय आहे ते विचारत नाही. आहे का, एवढंच विचारतो.”

गुरवने माझ्याकडे पाहिलं, त्या शनिवारनंतर पहिल्यांदाच. तो नाही म्हणू शकला असता. कुणी पकडलं नसतं.

“नाही असं मला म्हणता येत नाही, साहेब,” तो म्हणाला आणि बसला.

साहेबांनी चष्मा काढून नोंदीवर ठेवला. मग कुणाला उद्देशून नव्हे असं बोलले, “मला वाटत होतं, लोकच बिघडत चाललेत.”

त्यांनी निकालाची तारीख दिली नाही. पाळीवरच्या तिन्ही सोबत्यांना पुन्हा बोलावलं, तो अधिकार न्यायाधीशाला असतो. ते आले त्या दिवशी उपकेंद्रातलं नोंदीचं यंत्र कोर्टात आणवलं, मला आणि गुरवला गप्प बसायला सांगितलं आणि पहिल्याला एकच गोष्ट करायला लावली. तुम्ही आपापलाच संकेतांक वापरता ना, मग तो टाकून दाखवा. त्या माणसाने पडद्यावर बोटं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. यंत्राने तीनदा चूक म्हटलं. दुसऱ्याने विसरलो म्हणून सांगितलं. तिसऱ्याने साहेबांकडे पाहिलं आणि रडायला लागला. काम संपलं असं समजून त्याने प्रवाह सुरू केला होता, अंकुशच्या संकेतांकावर, रोजच्यासारखा. भांडणाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. विक्रमच्या बायकोला तोंड कसं दाखवू म्हणून तो गप्प बसला होता.

अंकुश सुटला. पल्लवीने कोर्टाच्या पायऱ्यांवर माझे दोन्ही हात धरले. हळबे साहेबांनी पुढच्याच महिन्यात दिवाणी बाजू मागून घेतली. कलदर्शक बनवणाऱ्यांनी यंत्रात दुरुस्ती केल्याचं जाहीर केलं. माझ्याकडे खटल्यांची रीघ लागली आणि लोक मला हुशार बाई म्हणायला लागले.

मुंबईहून नवीन परिपत्रक आलं. खटला नेमून दिल्यापासून मुदत संपेपर्यंत सरकारी वकिलाने आरोपीच्या कुठल्याही अर्जावर म्हणणं द्यायचं नाही. सरकारचं म्हणणं आल्याशिवाय साहेब आदेश देत नाहीत. म्हणजे डबा थांबला, औषधं थांबली, चष्मा थांबला. बचावाचे वकीलही आता त्या दिवसांत अर्ज देत नाहीत, आपला नकार जाईल म्हणून. कुणी कुणाला आडवं जात नाही, सगळे मुदत संपायची वाट बघत बसतात.

परवा शेवंता तुपे नावाची म्हातारी माझ्याकडे आली. पोरगा आत, त्याचा खटला तीन दिवसांपूर्वीच नेमून आलेला, त्याला क्षय, आणि तिच्या हातात डबा. घोलपाला लगेच मिळाला होता म्हणे, तसंच आमचं करा. मी तिला व्हरांड्यात बसवलं आणि गुरवकडे गेले. परिपत्रक त्याच्या टेबलावर काचेखाली होतं. मी काही बोलायच्या आधीच त्याने मान हलवली.

“हणमंतराव, पोरगा खोकून मरतोय.”

“अंकुश सुटला याचं मला वाईट वाटत नाही, थोरातबाई. देवाशपथ नाही,” तो म्हणाला. “पण त्या दिवशी मी भाकरीवर सही केली होती. तुम्ही ती दुसऱ्याच कशावर तरी घेतलीत. आता मुदत संपली की या.”

त्याने माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्याले नाही.

व्हरांड्यात येऊन मी शेवंताबाईला सांगितलं की आज डबा आत जाणार नाही, पुढच्या आठवड्यात या. आधी तर लगेच मिळायचा असं सगळे म्हणतात, ती म्हणाली. मी म्हटलं, नियम बदलला. कुणामुळे बदलला ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो माझ्यापुढे धरला.

“मग तुमी तरी खावा बाई. पहाटं उठून केलंय, वाया जाईल.”

मी तो घेतला. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार होते?